घरचे कापड

भिजलेली वाकळ एकट्या माणसाच्या हातून पिळली जात नाही. जुन्या लुगड्यांचे सात-आठ पदर पाणी पिऊन असे जड होतात, की आपण कापड उचलतो आहोत की गाढ झोपलेले माणूस, हे हातांना कळेनासे होते. पितृपंधरवड्यातील सप्तमीच्या सकाळी, पंचगंगेच्या घाटावर, संयोगिता त्या ओल्या भाराशी एकटीच झुंजत होती. घट बसण्यापूर्वी घरातील सारी अंथरुणे-पांघरुणे नदीवर आणून धुवायची, ही कोल्हापूरची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यामुळे पायरी न्‌ पायरी चादरी-सतरंज्यांनी झाकली होती, आणि ज्याला त्याला आपापल्या कामाची घाई होती. तिने वाकळेचे एक टोक पावलाखाली दाबले, दुसरे दोन्ही हातांनी मुरगाळले. वाकळेने आपले पाणी तिच्याच ओढणीवर रिते केले.

“ते टोक इकडं द्या,” शेजारच्या पायरीवरून कोणी म्हणाले.

बोलणारा चौतिशीचा, शांत चेहऱ्याचा पुरुष होता. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर ओला टॉवेल. त्याने टोक धरले. समोरासमोर उभी राहून दोघे पिळू लागली, आणि वाकळ पिळली न जाता नुसतीच गरगर फिरली.

“मी उजवीकडं पिळतोय,” तो म्हणाला, “तुम्ही डावीकडं.”

“मग बदला की तुम्ही.”

त्याने हात फिरवले. नेमक्या त्याच क्षणी तिनेही फिरवले. वाकळ पुन्हा फिरली. संयोगिता हसली — कित्येक महिन्यांनी हसली असावी — आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. त्याने ते पाहिले. पाहून न पाहिल्यासारखे करण्याची एक सभ्यता असते. ती त्याच्यापाशी होती. पाण्याची शेवटची धार निथळेपर्यंत तो पिळत राहिला. मग मान किंचित लववून आपल्या कामाला निघून गेला.

ती वाकळ संयोगिताच्या आईने शिवलेली होती. आईला जाऊन दोन वर्षे झाली होती. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या लेकीने यंदा पंधरवड्यात रजा काढून घर उपसायला घेतले. वर्षभर जिला हात लागला नाही ती वस्तू आपली नव्हे, असे मोबाइलवर कुणीतरी सांगितलेले तिने ऐकले होते, आणि त्या वाक्यात तिला सुटका दिसली होती. चार दिवसांत आईची पातळे शेजारणींकडे गेली, पितळेची भांडी मोडीत गेली. पाटा-वरवंटा, सोऱ्या, शिवणाचा डबा, सारे काही दाराबाहेर गेले. नीटनेटकेपणाची हौस हे त्याचे कारण नव्हते. प्रत्येक वस्तू तिच्याकडे पाहत असे, आणि ते पाहणे तिला सोसवत नसे. तिचे वडील केरबा, म्हणजे तिचे आबा, एसटीतून निवृत्त झालेले चालक, खाटेवर बसून हे सारे मुकाट्याने बघत होते. वाकळेची पाळी आली तेव्हा मात्र त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला.

“एवढी ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले.

म्हणून ती राहिली होती. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर जागा उरली नव्हती. पाण्यालगतची शेवटची पायरी तेवढी मोकळी होती आणि तिथे ऊनही निर्मळ होते. संयोगिताने वाकळ तिथे पसरली, आणि टेम्पोत बसलेल्या आबांना चहा द्यायला ती वर गेली. परतली तेव्हा पायरीवर ओल्या चौकोनाखेरीज काही नव्हते.

जवळच धुणे आपटणाऱ्या एका वृद्धेने तिला उलगडा केला. घाटावरच्या जुन्या बायकांत अशी समजूत होती, की गेलेल्या माणसाच्या अंथरुणाचा मोह सुटत नसेल तर ते पंधरवड्यात धुवावे, शेवटच्या पायरीवर ठेवावे आणि मागे न बघता निघून जावे. पूर्वी नदी ते नेई. अलीकडे गंगावेशीतला विश्वजित नेतो, म्हणजे नदीही स्वच्छ राहते आणि कापडही कारणी लागते.

“तू खालच्या पायरीवर ठिवलीस न्हवं, बाय?” म्हातारी म्हणाली. “तिथं ठिवलेलं म्हंजे सोडलेलं.”

दुसऱ्या दिवशी संयोगिता गंगावेशीत पोहोचली. एका बोळाच्या टोकाला दोन खोल्यांची ती जागा होती. जुन्या कपड्यांपासून पिशव्या, आसने, गोधड्या तिथे तयार होत. इचलकरंजीच्या सूतगिरणीतील नोकरी सोडून विश्वजितने हे काम आपल्या आत्याच्या, धोंडुबाईंच्या हाताखाली मांडले होते. आई-वडिलांमागे त्याला त्यांचाच आधार होता. तो दारातच बसला होता, काल घाटावर वाकळेचे टोक धरणारा तोच माणूस, आणि त्याच्यापुढे रंगारंगांचे चौकोनी थर एकावर एक रचलेले होते. आईची हिरवी इरकल साडी तिने तत्काळ ओळखली. त्याखालचा आबांचा खाकी सदरा ओळखला. त्याखालचे स्वतःचे, फिकट गुलाबी झालेले झबले ओळखले.

वाकळ पूर्ण उसवलेली होती.

तिला संतापायचे होते. शब्दही ओठांवर आले होते. परंतु विश्वजित उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा तिच्याहून पांढरा पडला होता.

“ओली तशीच ठेवली असती तर आतनं कुजली असती, म्हणून रातोरात उसवली,” तो म्हणाला. मग थांबला. “घाटावर तुमचं डोळं भरलेलं बघितलं. वाटलं... तुम्ही सोडायला आलाय. म्हणून इचारलं न्हाई.”

संयोगिता उंबऱ्यावर बसली. मग अनोळखी माणसाजवळच बोलता यावे असे काहीतरी ती बोलून गेली. “बाकी सगळं मीच घालवलं. आईच्या हातचं एवढंच उरलं होतं.”

“कापड हाय सगळं. टाकं तेवढं गेलं.”

“टाकेच तर तिचे होते.”

त्यावर त्याने हिरव्या इरकलीचा थर दोन्ही हातांनी उचलून दाराच्या उजेडासमोर धरला. जुन्या सुताला सुईची आठवण राहते. ओळीमागून ओळी, आकाशातल्या बारीक नक्षत्रांसारखी हजारो छिद्रे उजेडात उमटली. आईचा प्रत्येक टाका जिथे होता तिथेच होता. केवळ दोरा गेला होता.

“ह्याच भोकांतनं परत शिवतो,” तो म्हणाला. “एक बी नवं भोक पाडणार न्हाई. येळ लागंल. पर थंडीच्या आधी दिईन.”

तो शब्द देत होता, आणि शब्द फार हळू देत होता. संयोगिताला त्या मंदपणाचा विश्वास वाटला.

घरी तिने आबांना उसवल्याची गोष्ट आठवडाभराने सांगितली. केरबांनी ऐकून घेतले. उसवली तर उसवली, शिवणारा माणूस आहे ना, एवढेच त्यांनी विचारले, आणि खिडकीकडे तोंड केले.

शनिवारी शाळा सकाळची असे. त्या दुपारी संयोगिता गंगावेशीत जाऊ लागली. आधी देखरेखीच्या निमित्ताने. नंतर सुईत दोरा ओवून देण्याच्या. आणि पुढे पुढे निमित्त शोधण्याचीही गरज उरली नाही. छिद्रांचा माग काढताना विश्वजित तिला दाखवी, की या कडेला टाके कसे सरळ आहेत, आणि मध्यावर येताच कसे डावीकडे झुकले आहेत. एका शनिवारी त्याने विचारले, की इथे आईच्या मांडीवर कुणी होते का? संयोगिता त्या तिरक्या ओळींवर झुकली. शिवत असलेल्या वाकळेवर आपण तान्हेपणी झोपत असू, हे आई नेहमी सांगे. जी गोष्ट तिने फक्त ऐकली होती ती या माणसाने छिद्रांतून वाचली होती. त्या दिवशी दोरा ओवताना तिचा हात तीनदा चुकला. आणि त्याने तीनही वेळा खाली पाहून ते न दिसल्याचे सोंग केले.

धोंडुबाईंना मात्र सोंगे जमत नसत. “आठ दिसात दीड वीत शिवतोयस,” त्या भाच्याला म्हणत. “गोगलगाय बरी. पोरी, तू समोर बसू नगंस, त्येची सुई चालत न्हाई.” तिकडे केरबाही शनिवारी दिवेलागणीला परतलेल्या लेकीला विचारीत, वाकळ शिवताय का राजवाड्याचा गालिचा?

धोंडुबाईंनीच तिला एके दिवशी सर्वांत आतला थर दाखवला. तो थर म्हणजे आणखी एक संपूर्ण वाकळ होती. लहान, पातळ, काळ्या दोऱ्याने शिवलेली. हा हात आईचा नव्हता. आईच्या आईचा होता. एके ठिकाणी सुती नऊवारीवर, आई सांगे तोच, आजीच्या चुलीच्या ठिणगीचा डाग होता. आणि कडेने, मोठ्या वाकळेच्या मापात बसावी म्हणून, आईने ती कात्रीने सरळ कापलेली होती.

“कापली?” संयोगिता पुटपुटली. “आजीची?”

“मग? डोक्यावर घिऊन नाचायची हुती?” धोंडुबाई म्हणाल्या. “तिची आई गेली असंल, आन्‌ तू तान्ही असशील. तिनं गेलेलीचं घेतलं, आन्‌ असलेलीला घातलं.”

संयोगिताने त्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवले. कड निर्भय आणि सरळ होती. दोन वर्षे तिच्या छातीत जे घट्ट आवळून राहिले होते, ते तिथे, त्या कडेपाशी, पहिल्यांदा सैल झाले. आपण आईच्या वस्तू टाकल्या हा आपला अपराध नव्हे. कुणाला ऊब होईल हे न बघता टाकल्या, एवढीच आपली चूक, असे तिला उमगले.

मार्गशीर्ष लागला. सकाळी रंकाळ्यावर धुके दिसू लागले. वाकळ पुरी होत आली. परंतु उशाकडील कोपऱ्यात तळहाताएवढी जागा उरली होती. तिथले कापड इतके विरले होते, की टाका धरीत नव्हते. तिथे ठिगळ हवे होते. आणि धोंडुबाईंच्या हातची एक रीत होती, जी त्यांनी कधी मोडली नव्हती: वाकळेला लागणारे कापड ती पांघरणाऱ्या घरचेच हवे. परक्या घरचा धागा आत गेला की झोप परकी होते, असे त्या म्हणत.

संयोगिताने घर धुंडाळले. आईचे एक फडकेही तिने मागे ठेवले नव्हते, आणि दिलेली पातळे परत मागायला तोंड नव्हते. तिच्या स्वतःच्या ओढण्या नायलॉनच्या; त्यांनी जुने सूत कापून काढले असते. आबांचे कपडेही सारे टेरिकॉटचे. शनिवारी ती रिकाम्या हातांनी गंगावेशीत आली, आणि दारातच म्हणाली, की आपल्या घरी काही उरले नाही. आपल्याच हातांनी आपण ते पुसून काढले. भोक तसेच राहू द्या.

विश्वजित उठून आतल्या खोलीत गेला. परतला तेव्हा त्याच्या हातांत एक घडी होती. जांभळ्या सुताचे, बारीक काठाचे लुगडे. घडीच्या रेषा इतक्या खोल रुतल्या होत्या, की ती वर्षानुवर्षे उलगडली गेली नसावी. धोंडुबाईंची सुई थांबली.

“आईचं हाय,” तो म्हणाला. “अकरा वरसं झाली. सगळ्या गावाची लुगडी कापतो, पर हे... कात्री लावायचा धीर झाला न्हाई. ह्याचा पदर त्या कोपऱ्याला लावला तर चालंल?”

धोंडुबाई भाच्याकडे पाहत म्हणाल्या, “इश्वा, परक्याचं कापड वाकळंत घालत न्हाईत.”

“ठावं हाय, आत्ती.” त्याची नजर संयोगितावरून ढळली नाही, आणि कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या. “परकं ऱ्हाऊ नये, म्हणून तर इचारतोय.”

बोळातून एक सायकल घंटी वाजवीत गेली. संयोगिताने लुगडे हातांत घेतले, सावकाश उलगडले. घडीतून कापराचा आणि पेटीच्या लाकडाचा गंध आला. अकरा वर्षे एका माणसाने जे दुःख घडी घालून जपले होते, ते त्याने तिच्या घरातील एका भोकासाठी पुढे केले होते. याहून मोठे काही कुणी कुणाला देऊ शकेल, असे तिला वाटेना. तिने पदराचा भक्कम भाग शोधला, आणि तो वाकळेच्या कोपऱ्यावर ठेवून पाहिला.

“रंग जुळत न्हाई,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. ती तो उतरलेला चेहरा क्षणभर — जरा जास्तच क्षणभर — पाहत राहिली.

“जुळायला कशाला पाहिजे... दिसला पाहिजे,” ती म्हणाली. “पण इथं नको कापायला. उद्या घरी या. दोघंही या. आबांच्या म्होरं कापूया.”

धोंडुबाईंनी दोरा दातांनी तोडला आणि पदराने नाक पुसले.

रविवारी सकाळी विश्वजित आणि धोंडुबाई केरबांच्या घरी आले. वाकळ खाटेवर पसरली. केरबांनी आधी इरकलीवरून, पूर्वीच्याच जागी बसलेल्या टाक्यांवरून, तळहात दूरवर फिरवला. मध्यावरच्या तिरक्या ओळींपाशी तो हात थांबला आणि बराच वेळ तिथून निघाला नाही. मग विश्वजितने जांभळे लुगडे त्यांच्यापुढे ठेवले आणि जे विचारायचे होते ते विचारले. त्याचे दुसरे वाक्य अर्धेच राहिले, ते संयोगिताने पुरे केले.

केरबांनी लुगड्याचा पदर अंगठा आणि बोट यांत धरून चोळला. चाळीस वर्षे स्टिअरिंग धरलेल्या त्या बोटांनी ते कापड असे पारखले, जणू काही त्यातून एक अख्खे घर चाचपडून पाहत आहेत. मग त्यांनी विश्वजितकडे पाहिले.

“सुती हाय,” ते म्हणाले. “टिकंल.”

संयोगिताने कात्री उचलली. विश्वजितने पदराची दोन्ही टोके ताठ धरली, आणि तिने एकाच दमात, सरळ कापले.