नक्षीच्या पाठीवर

ताईला जाऊन चार महिने झाले होते, तेव्हा एका शनिवारी दुपारी मावशीने तिच्या कामाच्या खोलीचं कुलूप काढलं. काम साधंच होतं. ताईच्या मुलीचं, ठकूचं, लग्न दीड महिन्यावर आलं होतं आणि आमंत्रणाची कार्डं अर्धवट पडली होती. चौसष्ट कार्डं, तीही एकेक हाताने करायची, असं ताईनेच ठरवलं होतं. कागद कापून झाले होते, घड्या पडल्या होत्या, मजकूरही तिच्या वळणदार अक्षरात लिहून तयार होता. वर लावायची मातीची नक्षी तेवढी अकराच झाली. मग तिला थकवा आला. थकवा थकवा म्हणता म्हणता तिने अंथरूण धरलं, डॉक्टरांना दुखण्याचं नाव सापडेना, आणि एका सकाळी सगळं आटोपलं.

मावशी ही ताईची धाकटी बहीण. ठकूची मावशी म्हणता म्हणता ती साऱ्या गल्लीचीच मावशी झाली होती. उरलेली नक्षी मी करते, असं तिने ठकूला सांगून टाकलं खरं, पण आपल्या हाताचा तिला भरवसा नव्हता. ताई हयातभर तिला चिडवत आली होती, तुझा हात म्हणजे हातोडा, म्हणून.

खोली होती तशीच होती. उत्तरेच्या खिडकीखाली लांब टेबल, त्यावर जाड काच, काचेवर पालथे घातलेले ब्रश. बंद खोलीचा वास होता, त्यात ओल्या भिंतीसारखा मातीचा आणि थोडासा रबराचा. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात ताईचे रबरी शिक्के होते. सगळ्यांत वर कापडात गुंडाळलेला एक शिक्का होता, लाकडी मुठीचा, बराच जुना. तीन पानं आणि एक मिटलेली कळी. कार्डांवरची नक्षी याचीच.

कृती मावशीने शेकडो वेळा पाहिली होती. शिक्का पालथा करून रबरावर टाल्कम पावडर भुरभुरायची, म्हणजे माती चिकटत नाही. हवेत वाळणाऱ्या पांढऱ्या मातीची गोटीएवढी गोळी मधोमध ठेवायची आणि अंगठ्याने दाबत दाबत कडेपर्यंत न्यायची. रबरावर जी रेघ उंच, ती मातीत खोल जाते आणि मधलं पान फुगून वर येतं. मग पात्याने कडा कापायच्या, रबर किंचित वाकवायचं आणि नक्षी अलगद सोडवून घ्यायची. दोन दिवस वाळली की पानांवर मोतिया रंग फिरवायचा. इतकं सोपं. पण त्या दुपारी मावशीच्या सहा नक्ष्या तुटल्या, त्यातल्या दोनांच्या कळ्या रबरातच अडकून राहिल्या, आणि संध्याकाळी ती स्वतःवरच चरफडत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मात्र हात बसला. कसा, ते तिलाही कळलं नाही. गोळी ठेवली, दाबली, आणि नक्षी अशी सुटून आली की ताईनेही मान डोलावली असती. एका बैठकीत नऊ झाल्या. पानाची शीर न् शीर उमटली होती. मावशी स्वतःशीच हसली आणि नक्ष्या वाळत ठेवून निघाली.

मंगळवारी ती त्या उलटवायला आली. नक्षीची पाठ सपाट नसते, दाबणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा तिथे राहतोच. पहिली उलटवली, दुसरी उलटवली, आणि तिसरीवर तिचा हात थांबला. ठशात रेषा होत्या, गोल गोल, अगदी बारीक. आणि त्या रेषांना वरून खालपर्यंत तिरकी छेदत गेलेली एक खोल रेघ होती, जुन्या जखमेच्या वणासारखी. नऊच्या नऊ नक्ष्यांवर तशीच.

मावशीने उजेडाकडे वळून आपला उजवा अंगठा पाहिला. त्यावर ना वण होता, ना ओरखडा.

मातीत केस आला असेल, असं तिने मनाला समजावलं. पण केस नऊ वेळा एकाच जागी कसा येईल? तिने एक गोळी घेतली, चांगली मळून पाहिली, शिक्क्यावर ठेवली आणि डोळ्यांची पापणी न लववता अंगठा टेकवला. बाहेर कुणीतरी गच्चीवर गाद्या झोडपत होतं, तेवढाच काय तो आवाज. तिने अंगठा उचलला. मातीत तिरकी रेघ होती.

घाबरायचं सोडून मावशीला रडू आलं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट आली... ताई. वर्षानुवर्षं पातं चालवणारा तो हात, कधीतरी कापला असेलच. सख्ख्या बहिणीचा अंगठा कोण निरखून बघतं? लेकीचं काम अर्धवट टाकून जायला तिचा जीव झाला नसेल, म्हणून आली असेल हातभार लावायला. मावशीने डोळे पुसले आणि अगदी हळू म्हणाली, "बस हो ताई. करू दोघी मिळून."

त्यानंतरचे पंधरा दिवस, खरं सांगायचं तर, तिचे फार सुखात गेले. दुपारी जेवण उरकून ती यायची, खिडकी उघडायची आणि कामाला लागायची. मनातलं सगळं ताईला सांगायची. ठकूचा होणारा नवरा भला आहे पण घोरतो म्हणे, शेजारीण अजून तशीच कान लावून बसते, असलं काहीबाही. उत्तर येत नसे, त्याची तिला अपेक्षाही नव्हती. माती अंगठ्याखाली लोण्यासारखी पसरत होती. संध्याकाळी अंगठ्याचं टोक थोडं बधिर व्हायचं. दाबून दाबून होत असेल, म्हणून ती कोमट पाण्यात हात बुडवून बसायची.

एकदा शिक्क्याची लाकडी मूठ सैल झाली, तेव्हा ती म्हाताऱ्या शिक्केवाल्यांकडे गेली. ताईने तो त्यांच्याकडूनच, जुना माल निघाला तेव्हा, उचलला होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून शिक्का पाहिला. हा आपल्या हातचा नाही, वडिलांच्याही आधीपासून दुकानात आहे, असं म्हणाले. मूठ घट्ट करून देताना त्यांना रबराच्या खाचेत पांढरं काही दिसलं.

"माती दाबता काय यात?" त्यांनी विचारलं.

मावशी हो म्हणाली.

"आम्ही शाईतच वापरायचो." त्यांनी शिक्का पालथा केला. "वडील म्हणायचे, हा कागदावर उठवायचा. मातीत नाही."

का, असं मावशीने विचारलं. त्यांनी खांदे उडवले. विचारायचं राहूनच गेलं, म्हणाले, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. घरी येताना मावशीला ते थोडं खटकलं, पण म्हातारी माणसं बोलतात काहीतरी, म्हणून तिने सोडून दिलं.

त्रेसष्ट नक्ष्या झाल्या आणि एक उरली, त्या दिवशी ठकू आली. आईच्या खोलीत पाय ठेवायला ती इतके दिवस धजली नव्हती. उंबऱ्याशी घुटमळली, मग आत येऊन आईच्या खुर्चीवर बसली. शेवटची नक्षी तिने स्वतः करायची, स्वतःच्या कार्डासाठी, असं दोघींचं ठरलं. मावशीने गोळी मळून दिली. ठकूने जीभ बाहेर काढून, लहानपणी चित्र रंगवताना काढायची तशी, अंगठा दाबला आणि पहिल्याच फटक्यात नक्षी सुरेख सोडवली. दोघी हसल्या. मग ठकूने ती तळहातावर उलटी घेतली.

"मावशी, हे काय उमटलंय?"

मावशीला वाटलं, आता सांगायला हरकत नाही. लग्नाआधी पोरीला हा दिलासा मिळू दे. तिने ठकूला जवळ घेतलं आणि सगळं सांगितलं. पहिल्या नऊ नक्ष्या, तिरकी रेघ, पंधरा दिवसांच्या गप्पा. "तुझी आई आहे ती," ती म्हणाली. "तिच्या अंगठ्यावरचा वण आहे हा."

ठकू बराच वेळ नक्षीकडे बघत राहिली. चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते कळलं नाही.

"आईच्या अंगठ्यावर वण नव्हता," ती म्हणाली.

"तुझ्या लक्षात नसेल गं..."

"शेवटचे दोन महिने तिची नखं मी कापत होते, मावशी. रोज हाताला तेल लावत होते. दोन्ही अंगठे स्वच्छ होते... नव्हता वण."

खोलीत उन्हाचा पट्टा टेबलावर पडला होता. त्यात टाल्कम पावडरचे कण हळूहळू खाली बसत होते. मग मावशी उठली आणि ताईने केलेल्या अकरा नक्ष्यांचा डबा घेऊन आली. त्यांच्या पाठीवर ताईने कागदाचे गोल तुकडे डकवले होते. मावशीने तो तिचा नीटनेटकेपणा समजला होता. आता तिने एका तुकड्यावर पाण्याचे दोन थेंब सोडले, जरा वेळ जाऊ दिला आणि नखाने कागद सोडवला.

खाली तोच अंगठा होता. तीच तिरकी रेघ, वरून खालपर्यंत.

म्हणजे ताईने पाहिलं होतं. पाहिलं होतं, वर कागद डकवला होता, आणि कुणाला न सांगता पुढची नक्षी करायला घेतली होती. मावशीने मनातल्या मनात ते पंधरा दिवस आठवले. बस हो, असं ती कुणाला म्हणाली होती? घरातल्या कुणाकुणाच्या गोष्टी ती कुणाला सांगत बसली होती? तिच्या मानेवरून गार काहीतरी सरकलं आणि तिने मागे वळून बघायचं टाळलं.

"ही कार्डं रद्द करू या का?" तिने विचारलं. "छापून घेऊ दुसरी."

ठकूने नकारार्थी मान हलवली. आईचं अक्षर आहे त्यांवर, म्हणाली. आईचं शेवटचं काम आहे, तेच जाईल. त्या दोघींनी मिळून त्याच दिवशी सगळ्या नक्ष्या चिकटवल्या, पाठ कुणाला दिसणार नाही अशा. शिक्का मावशीने कात्रीने कापून काढला. रबर रबरासारखंच कापलं गेलं. तुकडे कचऱ्याच्या गाडीत गेले, मूठ तिच्या एका चुलत भावाकडच्या शेकोटीत जळून गेली, आणि खोलीला पुन्हा कुलूप लागलं.

मग काहीच झालं नाही. कार्डं घरोघर पोचली, लोकांनी तोंडभर कौतुक केलं. मावशीला नीट झोप लागू लागली. अलीकडे जिना चढताना थोडी धाप लागायची, पण लग्नघर म्हटल्यावर दमणूक आलीच.

लग्न नोंदणी पद्धतीचं होतं. नोंदणी कार्यालयात त्या दिवशी सकाळी फारशी गर्दी नव्हती. कारकून वयस्कर आणि शांत होता. त्याने जाड रजिस्टर उघडलं, शाईची डबी पुढे सरकवली आणि आधी साक्षीदार उरकायला घेतले. नवऱ्या मुलाच्या काकांनी सही केली, अंगठा लावला. ठसा लख्ख उठला. मग मावशी पुढे झाली. तिने सही करून उजवा अंगठा डबीत बुडवला आणि चौकटीत टेकवला.

कागदावर निळा गोल उमटला. नुसता गोल. आत एकही रेष नव्हती.

"शाई जास्त झाली," कारकून म्हणाला. त्याने कापडाने तिचा अंगठा पुसला आणि पुन्हा घेतला. पुन्हा तसाच, गुळगुळीत. "होतं असं," तो सवयीच्या आवाजात म्हणाला. "कामाच्या हातांच्या रेषा झिजतात हो. डावा द्या." डावा अंगठा नीट उठला. त्याने बाजूला तशी नोंद केली आणि पान कोरडं व्हायला फुंकर घातली.

ठकू मावशीच्या शेजारीच उभी होती. ती कानाशी आली.

"मावशी... आईचा फोन तिच्या अंगठ्याने उघडेनासा झाला होता. आजारी पडली त्याच सुमारास. सारखी मला हाक मारायची, उघडून दे म्हणून... मला वाटायचं, हात ओले असतील तिचे."

मावशीला काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात कारकुनाने वधूला पुढे बोलावलं. ठकूने सही केली. लग्नाच्या दिवशी मुली हसतात तशी ती सगळ्यांकडे बघून हसली आणि अंगठा टेकवला.

कारकुनाने पाहिलं. "जरा दाबून," तो म्हणाला.

तिने दाबून टेकवला. त्याने चष्मा पुसला, रजिस्टर उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. मग एकदा ठकूकडे आणि एकदा मावशीकडे बघून त्याने शाईची डबी पुन्हा पुढे सरकवली.

"डावा द्या बघू," तो म्हणाला.

मावशीने ठकूचा उजवा हात आपल्या हातात घेतला. अंगठ्यावरची शाई एकसारखी पसरली होती, काचेवर पसरावी तशी.