लांब स्क्रू

चष्म्याच्या काचा घासण्यात चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाला मोबाइलच्या काचेचं काय कौतुक! दुकानदार म्हणाला होता, फोन ठेवून जा, पण आजींचा फोन परक्याच्या हाती द्यायचा म्हटल्यावर आजोबा हट्टाला पेटले आणि नवी स्क्रीन तेवढी विकत घेऊन आले.

आजींना जाऊन तीन महिने झाले होते. पडल्या तेव्हा फोन हातातच होता, काच तेव्हाच फुटली. त्यात त्यांनी नातीसाठी एक गोष्ट रेकॉर्ड करून ठेवली होती, आणि ती दुसरीकडे कुठेच नव्हती. परवा मुलगी म्हणाली, "बाबा, ही आजीचा आवाज विसरायला लागलीय." तेव्हापासून आजोबांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. दोघी आज दुपारी चारला येणार होत्या.

सकाळी साडेनऊला त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरला, त्यावर फोनचं चित्र काढलं. जो स्क्रू जिथून निघेल तो चित्रात तिथेच ठेवायचा. ही युक्ती आजींची. शिवणयंत्र खोलताना त्या असंच करायच्या. आजोबांनी आधी, दहाच्या ठोक्याला, बॅटरीची जोडणी काढली. फोन पार निपचित झाला. मग नवी स्क्रीन बसवली, आणि नेमकी तेव्हाच शिंक आली. दोन स्क्रू चित्रातून घरंगळले. दोन्ही सारखेच तर दिसतायत, म्हणत त्यांनी अंदाजाने लावून टाकले.

फोन सुरू झाला, पण स्क्रीन स्वतःच दाबली जायला लागली. तीही एकाच जागी, खाली मधोमध. दाब, थांब, दाब. कोणी बोटाने टकटक करावं तसं. त्यांनी काच पुसली, फोन बंद करून पुन्हा लावला, हात लांब ठेवून पाहिलं. टकटक चालूच. मधेच एखादं बटण दाबलं जाऊन गोष्ट पुसली गेली तर? शेवटी मान खाली घालून त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून त्याच दुकानदाराला फोन केला. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला असेल, काका, तो म्हणाला, त्याने आतली स्क्रीनची पट्टी दबते.

आजोबांनी पुन्हा सगळं उघडलं. खरंच, अदलाबदल झाली होती. स्क्रू जागच्या जागी गेले आणि टकटक थांबली.

साडेतीनला त्यांनी रेकॉर्डर उघडला. गोष्ट शाबूत होती. आजोबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग त्यांना दिसलं की रेकॉर्डरचं लाल बटण खाली मधोमध आहे, आणि यादीत गोष्टीच्या वर आणखी एक नोंद आहे. आजच्या तारखेची.

वेळ होती सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. दहा वाजून दहा मिनिटांनी बॅटरी सुटी होती. त्यांनी स्वतः काढली होती.

तारीख चुकली असेल, घड्याळ बिघडलं असेल, असं म्हणत त्यांनी ती नोंद लावली. कागदाची सळसळ. त्यांचंच गुणगुणणं. चिमट्याचा आवाज. शिंक. मग अगदी जवळून, हळूच:

"अहो, तो नाही. तो लांब आहे."

आजोबांनी फोन टेबलावर ठेवला. समोरची खुर्ची रिकामी होती. भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त वाटलं ते वाईट, की सकाळी आपल्याला ऐकू आलं नाही. आयुष्यभर हेच. जिन्यातली पावलं आजींना दुसऱ्या मजल्यावरून कळायची, बेल वाजण्याआधी त्या दाराशी असायच्या. आजोबांसाठी बेलसुद्धा दोनदा वाजवावी लागायची.

"ऐकतोय मी," ते खुर्चीकडे बघत म्हणाले.

त्यांनी बोट सरकवून नोंद पार शेवटाकडे नेली.

आधी शांतता.

मग त्यांचाच आवाज. "ऐकतोय मी."

आणि लगेच आजींचा, नेहमीच्या घाईतला. "मग दार उघडा. आलीये ती."

नोंद तिथे संपली. आजोबांनी कान टवकारले. जिन्यात काहीच ऐकू येत नव्हतं. तरी ते उठले, दाराशी गेले, कडीला हात लावला.

तेव्हा बेल वाजली.