जोडपाने

वाचनालयाच्या भिंतीवरचे घड्याळ बंद पडले म्हणून घड्याळजी आला, आणि शिडीवरून उतरता उतरता त्याने ग्रंथपाल मुलीचा उसासा ऐकला.

"घड्याळ इतकं काही बिघडलेलं नाही हो."

"घड्याळाचं कोण बोलतंय," ती म्हणाली.

तिच्यासमोर रद्दीत काढायच्या पुस्तकांची यादी होती. ऐंशी वर्षांपूर्वी सात स्नेह्यांनी घरची पुस्तके एकत्र करून, आपसांत वर्गणी ठरवून हे खासगी वाचनालय उभे केले. त्यांतल्या डॉक्टरांनी दिलेले कपाट, नुसत्या पुस्तकांच्या नावांमुळेच, तिचे लाडके. मधमाश्या, दीपगृहे, शेवाळ, गलबतांची बांधणी... परंतु बारा वर्षांत ज्याची नोंद नाही ते पुस्तक बाद, असा नियम होता. आणि कार्यवाह म्हणजे तिचे सख्खे मामा, नियमापुढे भाचीलाही न ओळखणारे.

दुसऱ्याच दिवशी घड्याळजी वर्गणीदार झाला. दर शनिवारी तो त्या कपाटातले एक पुस्तक नेई, पुढच्या शनिवारी परत आणी.

"शेवाळ कसं होतं?"

"पाय घसरला," तो म्हणाला, आणि पुस्तकाऐवजी तिच्याकडेच पाहत राहिला.

असा चोखंदळ वाचक तिने पाहिला नव्हता. शनिवारी तिचा हात उगाचच दोनदा केसांवरून फिरू लागला.

यादी सभेपुढे जायला चार दिवस उरले असताना त्याने दीपगृहांचे पुस्तक परत केले. तिने सहज उघडले आणि तिचा चेहरा उतरला. त्या काळच्या पुस्तकांची पाने कडेला जोडलेली येत. वाचणाऱ्याने ती सुरीने सोडवून घ्यायची. इथे एकही पान सुटले नव्हते. तिने मधमाश्या काढल्या, गलबते काढली — सारी पाने जशीच्या तशी जोडलेली.

"वाचलंत?"

"अथपासून इतिपर्यंत."

"पानं न उघडता?"

 त्याचे कान लाल झाले.

"मग नेत का होतात?"

"यादी करताना तुमचे डोळे भरले होते... शिडीवरून दिसलं. नुसत्या नोंदीनं पुस्तकं वाचतील, असं वाटलं."

तिचा जीव टांगणीला लागला. नोंदी खोट्या ठरल्या तर सारे कपाट जाणार. आणि लपवणे तिच्या रक्तात नव्हते. तिने आतल्या खोलीत बसलेल्या मामांना सगळे सांगितले, मग विचारले, "मामा, नियमात शब्द काय आहे?"

"'घरी नेलेले'," आतून उत्तर आले. "'वाचलेले' नव्हे. शब्द म्हणजे शब्द. कपाट राहील."

तिने श्वास सोडला. मग घड्याळजीकडे वळून म्हणाली, "पण खोटं तुम्ही मला बोललात. शिक्षा मीच देणार. येत्या शनिवारी पुस्तक न्यायचं नाही."

त्याचे तोंड एवढेसे झाले. "मग?"

"मला न्या... चहाला, फिरायला, कुठंही."

आत खुर्ची करकरली. "सातच्या आत परत आणा," मामा म्हणाले. "आणि मुदत वाढवून हवी असेल, तर घरी येऊन रीतसर मला विचारायचं."