धाकट्या रोहित्राला ताप का आला?

चंद्रावरच्या वस्तीत गोदाआत्याचं उबवणघर होतं. आज अंड्यांमधून टकटक ऐकू येत होती, आणि नेमकं आजच धाकटं रोहित्र (विजेचा दाब कमी-जास्त करणारं यंत्र) तापलं. ते बंद पडलं तर सगळा भार एकट्या थोरल्या रोहित्रावर येणार, तेही बसणार, आणि पिल्लं कवचातच गारठणार.

आत्याची भाची कस्तुरी हिने थोरल्याचा उष्णतेचा काटा पाहिला. कोमट! अंगाने दुप्पट, काम तेच, जोडलंयही शेजारीच. मग असं का?

"आळशी मेला!" तिच्या मागून आत्या कडाडली. "नुसता फुगलाय. कस्तुरे, धाकट्याकडचे अंड्यांचे ट्रे उचल, थोरल्याच्या बाजूला लाव."

कस्तुरीने धापा टाकत सगळे ट्रे हलवले. धाकट्याचा काटा उतरायचं सोडून आणखी चढला.

"ट्रे हलवून काय होणार?" दुरुस्तीचा रोबो टिटवी म्हणाला. "दोघांची वीज आधी एकाच तारेत मिसळते."

"मग कुणी किती द्यायची, हे ठरवतं कोण?"

"पोटातला अवरोध (विजेला होणारा अडथळा). आत्या, खुराड्याचं मोठं दार पोत्यांनी अडलं, तर कोंबड्या कुठे जातील?"

"लहान दाराशी चेंगरतील. अक्कल असते का त्यांना?"

"विजेलाही नसते. थोरल्याच्या पोटात अडथळा फार, म्हणून ती धाकट्यातून घुसते."

"मग काढ की तो अडथळा!"

"तो त्याच्या घडणीतच आहे. आपण धाकट्याच्या वाटेत अडथळा वाढवणारं तारेचं एक वेटोळं घालू."

कस्तुरी चक्रावली. दमलेल्यालाच अडवायचं?

"डबड्याचं डोकं फिरलंय," आत्या म्हणाली. पण टकटक वाढली होती. तिने एकदा अंड्यांकडे पाहिलं. "घाल. पिल्लू गारठलं तर तुझी चाकं चुलीत."

टिटवीने वीज बंद केली. अंधारात आत्याने पदर ट्रेवर पसरला. वेटोळं बसलं, दिवे लागले. धाकट्याचा काटा हळूहळू उतरू लागला, थोरल्याचा चढू लागला.

"कळलं!" कस्तुरी ओरडली. "लहान दार थोडं आवळलं, म्हणून कोंबड्या मोठ्याकडे वळल्या! आता जो तो आपल्या ताकदीइतकाच भार उचलतोय."

पदराखाली काहीतरी वळवळलं. एक ओलं, पिवळं डोकं बाहेर आलं.

"पुढे उबवणघर वाढवू, तिसरं रोहित्र आणू," कस्तुरी म्हणाली.

"आण. पण नुसता आकार बघून भुलू नकोस," आत्या ऐटीत म्हणाली. "आधी त्याच्या पोटात अडथळा किती, ते विकणाऱ्याला विचार. मी सांगितलं म्हणून सांग."

टिटवीने आत्याकडे पाहिलं आणि आपली चाकं चुलीपासून जरा लांब सरकवली.