सायीखालचा समुद्र

सकाळपासून शर्वाणी चोगले एका जागी बसली नव्हती. 'जलधी' हे संशोधन जहाज कोकण किनाऱ्यापासून बरंच आत, अरबी समुद्रात उभं होतं. ती प्रयोगशाळेतून डेकवर जायची, दोरावर लोंबणाऱ्या तापमापीकडे बघायची, पुन्हा आत येऊन पडद्यावरचे आकडे वाचायची. आकडे बदलत नव्हते. नैर्ऋत्येला मात्र ढगांचा एक पट्टा हळूहळू गोल फिरायला लागला होता. त्या पट्ट्याचं वादळ होऊ नये म्हणूनच हे जहाज तिथे होतं.

जहाजाच्या मागच्या भागात मानवरहित विमानं तयार होती. त्यांच्या टाक्यांत वनस्पतिजन्य मेदापासून बनवलेला द्रव होता. तो पाण्यावर फवारला की मैलोन् मैल पसरायचा आणि त्याचा जेमतेम एका रेणूच्या जाडीचा थर समुद्रावर धरायचा. कागदोपत्री त्याचं नाव 'बाष्पबंध' होतं, पण सगळे त्याला सायच म्हणत. चक्रीवादळ पोसलं जातं ते समुद्राच्या वाफेवर. साय धरली की वाफ कोंडते आणि बाळसं धरू पाहणारं वादळ उपाशी मरतं. वारा एकदा जोरात सुटला की साय फाटून जाते, म्हणून जे करायचं ते वादळ लहान असतानाच करावं लागे. या उपायाने तीन वर्षांत पश्चिम किनाऱ्यावर एकही चक्रीवादळ आलं नव्हतं. या कामामुळे शर्वाणीचं नाव शाळेच्या पुस्तकात गेलं होतं.

दुपारी किनाऱ्यावरच्या वादळ-नियंत्रण केंद्राचे संचालक डॉ. निनाद वालावलकर पडद्यावर आले.

"विमानं अजून उडाली नाहीत?"

"सर, मी ती उडवणार नाही."

वालावलकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कारण सांग."

"दूध तापवून ठेवलं आणि वर जाड साय आली, की आतलं दूध किती वेळ गरम राहतं? आपण समुद्राचं तेच केलंय. वाफ होणं हीच समुद्राची घाम गाळायची रीत आहे. ती आपण पुन्हा पुन्हा अडवली. वादळं येत होती तेव्हा ती उष्णता उचलून न्यायची, खालचं गार पाणी ढवळून वर आणायची. आता ढवळणारंच कुणी उरलं नाही. पूर्वी गरम पाण्याचा थर पातळ असायचा. आज मी तापमापी सोडतेय, सोडतेय, आणि गार पाणी लागतच नाही."

"पावसाळ्यात थोडी उष्णता जातेच."

"थोडी जाते. उरलेली साठत चाललीय. हे वादळ लहान आहे, सर. वाटेत त्याला वाढायला फार वेळ नाही. हे आज मारलं, तर याच्या वाटणीची उष्णताही पुढच्या वादळासाठी राहील. आणि ते इतक्या वेगाने वाढेल की साय धरायला सवडच मिळणार नाही. तेव्हा ते मुंबईवर येतंय की सुरतेवर, हे आपण नुसतं बघत बसू."

वालावलकरांनी चष्मा पुन्हा चढवला. ते हुशार होते. तिने पाठवलेले आकडे त्यांनी आधीच तपासले होते.

"हे कुठे येईल, ते ठाऊक आहे ना तुला?"

"देवखाडीला."

"तुझं गाव."

"हो."

"नियमाप्रमाणे निर्णय जहाजावरच्या मुख्य शास्त्रज्ञाचा. मी तुला अडवत नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पाठिंबाही देत नाही."

पडदा काळा झाला. शर्वाणी डेकवर गेली. तिला काहीच करायचं नव्हतं, आणि तेच फार कठीण होतं. वारा वाढला, पाण्यावर पांढरा फेस उठला, आणि साय धरण्याची वेळ निघून गेली. तेव्हा तिने थोरल्या भावाला, हेमंतला फोन लावला. तो देवखाडीच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन होता.

"हेमूदादा, वादळ येतंय. होड्या खाडीत आत घ्या. किनाऱ्यावरची सगळी माणसं डोंगरावरच्या शाळेत हलवा. कलेक्टर ऑफिसला कळवलंय, गाड्या येतील."

"येतंय म्हणजे? थांबवा की."

"या वेळी थांबवलं नाही."

"जमलं नाही?"

ती खोटं बोलू शकली असती. "जमलं असतं. मीच थांबवलं नाही."

पलीकडे त्याने कुणाला तरी हाक मारून होड्यांकडे धाडलं. मग हेमंत म्हणाला, "ठेव फोन. माणसं हलवायचीत."

वादळ आलं ते तिने सांगितलं होतं तसंच. देवखाडीची कौलं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, मासळीचा लिलाव व्हायचा ती शेड वाळूत गाडली गेली. माणसं वाचली, एक सोडून. हरेश्वर तांडेल होडीचा दोर सुटलाय म्हणून शाळेतून निसटून खाली गेला, तो परत आला नाही. लहानपणी शर्वाणीला पोहायला त्यानेच शिकवलं होतं.

'जलधी' वादळाच्या वाटेवरून फिरलं. तापमापी थोडीशी खाली सोडताच गार पाणी लागलं. काही आठवड्यांनी त्याच पट्ट्यात आणखी एक वादळ जन्मलं, ढग गोल फिरले, आणि खाली ऊब न मिळाल्याने आपोआप विरून गेलं. आधीच्या तापलेल्या समुद्रावर ते केवढं झालं असतं, ते फक्त केंद्रातल्या माणसांना कळलं. बाकीच्यांसाठी तो ढगाळ दिवस होता.

चौकशी आयोग नेमला गेला, त्याचं शर्वाणीला नवल वाटलं नाही. नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल, अशी मनाची तयारी करूनच ती सभागृहात गेली. हेमंत गावातर्फे साक्षीला आला होता. तिच्याकडे न बघता तो पुढे जाऊन उभा राहिला.

अध्यक्षा निवृत्त न्यायमूर्ती कुमुदिनी शेजवळ होत्या. त्यांनी विचारलं, "तुमची तक्रार काय?"

"वादळाबद्दल तक्रार नाही, बाई," हेमंत म्हणाला. "वादळं आमच्या वडिलांच्या वेळीही यायची. घर पडलं की आम्ही ते पुन्हा बांधायचो. रागवायचं कुणावर? या खेपेला घर बांधताना माझ्या डोळ्यांसमोर सारखी बहीण येते. तांडेलांच्या दारात मी अजून गेलेलो नाही. काय सांगू त्यांना? तुमचा माणूस वादळाने नेला म्हणून सांगू, की शरूने?"

शर्वाणीने मान वर केली नाही.

तिची पाळी आली तेव्हा तिने सगळे आकडे मांडले. आयोगातल्या तज्ज्ञांनी प्रश्न विचारले, मग त्यांचे प्रश्न संपले. न्यायमूर्ती म्हणाल्या, "डॉक्टर चोगले, आमच्या तज्ज्ञांना तुमचं म्हणणं पूर्णपणे मान्य आहे. अधूनमधून एक वादळ येऊ द्यावंच लागेल, नाहीतर समुद्र तापत जाईल. तुमच्यावर ठपका नाही."

शर्वाणी आपले कागद गोळा करायला लागली. समोरच्या भिंतीवर पडदा उजळला आणि त्यावर पश्चिम किनाऱ्याचा नकाशा आला.

"पुढच्या हंगामातही एक येऊ द्यावं लागेल," न्यायमूर्ती म्हणाल्या. "कोणतं अडवायचं आणि कोणतं येऊ द्यायचं, हे कुणीतरी आधी ठरवायला हवं. ते कुठल्या किनाऱ्यावर येईल, हे तुम्हाला कळतं. शासन त्यासाठी एक पद निर्माण करतंय. आम्ही तुमचं नाव सुचवलंय."

"सायच बंद करा," शर्वाणी म्हणाली. "सगळी वादळं येऊ द्या. पूर्वी येत होती तशी."

"आणि मुंबईवर येणारं अडवता येत असताना नाही अडवलं, तर त्या मृत्यूंचं उत्तर कोण देणार? न अडवणं हाही निर्णयच असतो, हे आत्ताच तुमच्या भावाने आम्हाला सांगितलं."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मागच्या रांगांत किनाऱ्यावरच्या गावागावांतून आलेली माणसं बसली होती. त्यांतला एक जण उठला आणि आपल्या गावात बाळंतपणाचा दवाखाना आहे, हे ध्यानात घ्यावं, असं म्हणाला. दुसऱ्याने आपल्याकडच्या शाळेचं सांगितलं. तिसरा आपलं गाव आधीच धुपत चाललंय म्हणाला. आवाज एकमेकांत मिसळत गेले. सगळे तिच्याकडे वळून बोलत होते, आणि सगळे तिला 'मॅडम' म्हणत होते.

हेमंत आपल्या जागेवरून उठला. गर्दीतून वाट काढत तो तिच्या खुर्चीपाशी आला आणि वाकून हळू आवाजात म्हणाला, "शरू, आमचं एकदा झालंय. पुढच्या वर्षी आम्हाला सोड."

"दादा, मग कुणाकडे पाठवू?"

त्याने पडद्याकडे बघितलं. देवखाडीच्या उत्तरेचं गाव त्याच्या बायकोचं माहेर होतं, दक्षिणेच्या गावात त्याची मुलगी दिली होती. नकाशावर त्याने आधी वरचं गाव बघितलं, मग खालचं, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.