मापात बसलेला लेख

"माझ्या लेखाचं शेपूट तुम्हीच छाटलंत का?"

मी मान वर केली. समोर एक उंच, किडकिडीत माणूस. हातात आमची शनिवारची पुरवणी आणि नाकावर चष्मा... तोही एका बाजूला कललेला. पुरवणीत 'जवळचा नंबर' नावाचं हलकंफुलकं सदर लिहिणारा तो हाच. एरवी दुकानात बसून लोकांचे डोळे तपासायचा, चष्मे करून द्यायचा. गावाचे चष्मे सरळ करणाऱ्याचा स्वतःचा मात्र वाकडा! मला हसू आवरेना.

"चौकट चारशे शब्दांची आहे. तुम्ही चारशे तीस पाठवलेत," मी म्हटलं. "पान मी लावते. जास्तीचं कापते."

"अहो, पण सगळी गंमत शेवटीच होती!"

"मग गंमत आधी लिहीत जा."

तो खुर्ची ओढून सरळ बसलाच.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी स्वारी हजर. लेख मेलवर यायचाच, पाठोपाठ लेखकही यायचा. लेखात दर वेळी तीसेक शब्द जास्त, आणि कुठले तीस कापायचे यावर आमची जुंपायची. मंत्र्यांनी कालव्यावरच्या एकाच पुलाचं दोनदा उद्घाटन केलं, तेव्हा तो म्हणाला, "पहिल्यांदा फीत नीट कापली गेली नसेल. तुम्हाला बोलवायला हवं होतं." मालिकेतला नवरा तिसऱ्यांदा मरून परत आला, तेव्हा त्याने लिहिलं की आता त्या बायकोने घरात हजेरीपट ठेवावा. हे वाक्य मी ठेवलं. त्याखालचं कापलं, तर तो तासभर फुरंगटून बसला.

"मुद्दाम जास्त लिहिता ना?" मी एकदा विचारलंच.

"मापात लिहिलं तर भांडायला कोणत्या तोंडाने येऊ?"

तो स्क्रीनकडे बघत बोलला, पण कान लालबुंद झाले होते.

"तुमचा एकही शब्द माझ्या नजरेतून सुटत नाही, कळलं ना?" मी ऐटीत म्हटलं.

"माहीत आहे. म्हणून तर लिहितो—" आणि त्याने जीभ चावली.

इथे मला एक कबूल करायला हवं. आमच्याकडे पान लावणारी मजकूर वाचत बसत नाही. मापात असेल तर तो चौकटीत ओतायचा आणि पुढे सरकायचं. वाचायचं काम पलीकडच्या टेबलावरच्या प्रूफवाल्या काकांचं. मी त्याचा शब्द न् शब्द वाचायचे, कारण त्यातलं काही कापायचं असायचं. हे त्याला मी कधी सांगितलं नाही. कशाला सांगू? त्याचा समज मला फार आवडायचा.

घरी मी आणि बाबा, दोघंच. बाबांची नजर तीन वर्षांपूर्वी गेली. शनिवारी सकाळी मी त्यांना पुरवणी वाचून दाखवायचे. त्याचा लेख संपला, की बाबा हात पुढे करून म्हणायचे, "हं, आता कापलेलं वाच." मग मी चिठ्ठीवर उतरवून आणलेल्या ओळी वाचायचे. त्या ओळींना बाबा सगळ्यात जास्त हसायचे.

मग त्याचे मेहुणे गेले, अचानक. दूरच्या शहरात त्याची ताई, दोन लहान मुली आणि मेहुण्यांचं चष्म्यांचंच दुकान. पंधरा दिवसांनी तो परत आला, तेव्हा चेहरा पार उतरलेला होता.

"दुकानाला गिऱ्हाईक आलंय," तो म्हणाला. "दुकान विकून ताईला मुलींसकट इकडे आणायचं, की मीच तिकडे जाऊन ते चालवायचं... ठरत नाहीये."

"तुम्हाला काय वाटतं?"

"ते माझ्या एकट्याच्या हातात नाही," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी मनात म्हणाले, बोल ना... जगातल्या सगळ्या गोष्टींवर मतं आहेत तुझ्याकडे, या एकावर बोल! पण काका खोकले आणि तो उठून गेला.

पुढच्या गुरुवारी तो आलाच नाही. नुसता लेख आला. मी चौकटीत ओतला तर... बरोबर बसला. मोजून चारशे शब्द. कापायला एकही नाही.

मापात लिहिलं की भांडायला यायचं कारण नाही, असं तोच म्हणाला होता. म्हणजे त्याला आता यायचंच नाही! एक ओळही न वाचता मी रागारागाने पान काकांकडे ढकललं.

शनिवारी बाबांनी विचारलं, "आज चष्मेवाला नाही का गं?"

"नाही बाबा, आज सदर नाही," मी म्हणाले. पुरवणी माझ्याच मांडीवर होती.

आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजता, मला नीट आठवतं, मी बाबांची नखं कापत होते.

सोमवारी काका हसत हसत टेबलाशी आले. "मग? काय म्हणाला पूल?"

"कुठला पूल?"

काकांचं हसू मावळलं. "पोरी... तू वाचलं नाहीस? मला वाटलं, तुला विचारूनच छापतोय."

मी पुरवणी उघडली. 'या वेळी शब्द मोजून लिहिलेत,' त्याने लिहिलं होतं, 'कारण यातलं काही कापलं जाऊ नये. माझे लेख कापणारीवर माझा जीव जडलाय. तोंडाने सांगायला गेलो की माझी बोबडी वळते. दोनदा उद्घाटन झालेल्या पुलावर मी रविवारी पाच वाजता उभा असेन. ती आली, तर मी हे गाव सोडणार नाही. नाही आली, तर समजेन.'

सगळ्या गावाने वाचलं होतं. मी सोडून.

घरी येताच मी त्याला फोन लावला. "मी वाचलाच नाही हो..." एवढंच म्हणू शकले. मग रडत रडत पान लावायची सगळी रीत त्याला सांगितली.

"साडेसातपर्यंत थांबलो," तो म्हणाला. "मग ताईला सांगितलं, गिऱ्हाईकाला नको म्हण, मी येतो. मुलींनी माझी खोलीसुद्धा लावून ठेवलीय. आता कसं फिरवू? ... तू येशील?"

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला. दाराशी बाबांची काठी टेकून ठेवलेली दिसत होती. नव्या घराच्या भिंती बाबांना या वयात कोण शिकवणार? आणि ताईला दुसऱ्यांदा उघड्यावर टाक, असं मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

"नाही येता येणार," मी म्हणाले.

"माहीत होतं," तो म्हणाला. "तरी विचारायचं राहिलं, असं नको."

पुढच्या शनिवारी सकाळी तो ताईकडे निघून गेला. त्याच वेळी मी बाबांजवळ जुनी पुरवणी घेऊन बसले. खोटं बोलल्याचं कबूल केलं आणि त्याचा लेख वाचायला घेतला, सावकाश, पहिल्या शब्दापासून. एकही शब्द सोडला नाही.

वाचून झालं. सवयीने बाबांनी हात पुढे केला.

"हं... आता कापलेलं वाच."

"काही कापलं नाही, बाबा," मी म्हणाले. "या वेळी एवढंच होतं."