चौकच्या वखारीतली दुपार

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. माझाच अजून नीट बसत नाही. पण हे माझ्यासोबत घडलंय, आणि माझा नवरा मनोज तिथे होता.

गेल्या वैशाखातली गोष्ट. रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

भर दुपार होती.

मी सोनाली, कर्जतजवळच्या भिसेगावची. जुन्या इमारतींची मापं घ्यायची आणि नकाशे काढायचे, हे माझं काम. बाळंतपणानंतरचं हे पहिलंच. संजना तेव्हा सात महिन्यांची, अंगावर पिणारी. म्हणून मनोजने सुट्टी काढली आणि आम्ही तिघं गाडीने चौक गावाला गेलो.

जुन्या हायवेवरचे धाबे आणि गॅरेजं संपली की आत एक विटांची इमारत आहे. तंबाखूची वखार. घाटावरून बैलगाड्या उतरायच्या, तंबाखूची बोचकी इथे राहायची आणि मग पुढे जायची. तंबाखूला ओल नको, म्हणून जोतं छातीएवढं उंच. ऊन नको, म्हणून खिडकी एकही नाही. कौलांच्या खाली विटा गाळून केलेली जाळी, तेवढाच उजेड. भिंती हातभर जाड.

आणि दार एकच.

मालक आबाजी. त्यांना तिथे हॉटेल काढायचं होतं. दार उघडून देताना म्हणाले, "ताई, जेवणाच्या येळेआधी उरकून घ्या. दुपारचं आमी कोण आत जात नाय."

"का हो?"

"गरम हाय लय," एवढंच म्हणाले आणि समोरच्या घरात गेले.

संजनाला पाजून मी मनोजकडे दिलं. दारासमोरच्या आंब्याखाली तो तिला घेऊन बसला.

मी आत शिरले.

पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. बाहेर ट्रक धावत होते. आत त्यांचा आवाजच नव्हता.

मग वर पाहिलं. छप्पर पेलणाऱ्या सागाच्या जुन्या कैच्या, इतकी वर्षं बंद जागा... पण एक जाळं नाही. पाल नाही. कबुतराचं पीससुद्धा नाही.

मी दाराला पाठ करून उभी राहिले. लेझरचं माप छातीशी धरलं. बटण दाबलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि अंतर कळतं. बाहेरून फीत लावून झाली होती, लांबी साधारण ऐंशी फूट.

बटण दाबलं.

पन्नास.

चुकलं असेल. पुन्हा दाबलं.

तीस.

मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर ठिपका नव्हता.

ठिपका मध्येच होता... हवेत... माझ्या छातीएवढ्या उंचीवर.

आणि तो हळूहळू माझ्याकडे येत होता.

कोणीतरी शिंकलं. बाईची शिंक. तंबाखूचा उग्र दर्प नाकात घुसला.

मी वळले.

दार बंद होतं.

कधी लागलं? आवाज कसा झाला नाही? मी कडी ओढली. हलेना. "मनोज! दार उघड!" मी दोन्ही हातांनी फळ्या बडवायला लागले.

तेवढ्यात बाहेरून रडणं ऐकू आलं.

माझं बाळ रडत होतं. भुकेचं नव्हे. घाबरल्यावर रडतात, तसं. माझा ब्लाउज दुधाने भिजला. मी किंचाळत होते, बडवत होते...

आणि माझ्या शेजारी आणखी कोणीतरी बडवत होतं.

दिसत काहीच नव्हतं. काचेच्या बांगड्या फळीवर आपटत होत्या, फुटत होत्या. कोणीतरी धापा टाकत होतं, अगदी खांद्याला खांदा लावून.

खरं सांगते, त्या क्षणी मला तिची भीती वाटली नाही. आम्हा दोघींना एकच हवं होतं.

मग रडणं थांबलं.

एकदम.

त्यानंतरचं मला आठवत नाही. मनोजने मला बाहेर ओढलं. संजना त्याच्या खांद्यावर गाढ झोपलेली होती.

"ही रडत होती ना?" मी विचारलं.

"नाही गं. तू गेल्यापासून झोपलीय."

"मग दार का नाही उघडलंस?"

"सोनाली, दार उघडंच होतं. तू उंबऱ्यावर उभी राहून हवेत हात आपटत होतीस. तोंड उघडं... पण आवाज नव्हता."

माझे तळवे काळेनिळे पडले होते.

आबाजींनी आम्हाला घरात नेलं. त्यांची म्हातारी चुलती, सोनुबाई, ओटीवर बसली होती. माझे हात बघितले आणि तिने डोळे मिटले.

"माजी सासू तिथं पानं निवडायला जायची," ती म्हणाली. "पन्नासेक बाया. दुपारचा मुनीम भायेरनं कुलूप लावून जेवाया जायचा. पदरातनं तंबाखू नेतील म्हून. एकीचं तानं लेकरू भायेर झोळीत. ते रडाया लागलं. ती दार बडवीत व्हती. समद्या बाया बडवीत व्हत्या. कोन येतोय?"

"मग?"

"मुनीम आला, कुलूप काडलं. झोळी रिकामी."

"कोणी नेलं?"

"तरसानं म्हनतात. मानसानं म्हनतात. कुनाला ठावं? ती काय घरला गेली नाय गं पोरी. त्या दारातच बसायची. दारातच गेली."

मग तिने मनोजकडे पाहिलं.

"तू हिला वढलंस तवा... ही एकलीच भायेर आली का रं?"

मनोज खाली बघत राहिला.

आजवर त्याने मला उत्तर दिलेलं नाही. मीही विचारणं सोडलंय. ते काम मी सोडून दिलं. आबाजींचं हॉटेल आता सुरू झालंय, दुपारीसुद्धा गर्दी असते म्हणे. तिथे कोणाला काही जाणवत नाही.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. संजनाचं वजन छान वाढतंय, डॉक्टर खूश आहेत. सासूबाई म्हणतात, पोर गुणाची, दुपारची कधी रडत नाही.

मी मात्र तिला दुपारी पाजायला जवळ घेते... आणि ती तोंड फिरवते.

पोट भरलेलं असतं तिचं.